गुपचूप तोंडात मावेना, म्हणून तोंड तपासायला शिकलो

नागपुरात सीताबर्डीला ठेल्यावर गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायला उभा होतो. पुरी तोंडाशी नेली, पण आत जाईचना. लेक म्हणाली, "बाबा, तोंड उघडा न!" मी तर उघडलंच होतं. त्याआधी वर्षभर तर्री-पोहे खाल्ले की तोंडाची नुसती आग व्हायची. दोष मी तर्रीला देत होतो.

माझं मानेवाड्याकडे स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. खर्रा एकवीस वर्षं खाल्ला. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा आणि डाव्या गालात धरायचा. मग मोठ्या अभिमानानं तंबाखू सोडली आणि नुसती सुपारी सुरू ठेवली. तिनं काय होते बाप्पा? झालं ते हेच. सुपारीनं गालाच्या आतलं मऊ अस्तर राठ, पांढरट होतं, आत पट्टे धरतात आणि तोंड आवळत जातं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण पुढं कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ च्या अहवालातच लिहून ठेवलंय. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र डोळ्यांसमोर घोटून मिळतो.

आता तपासायचं कसं ते सांगतो. महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. हात धुवा, कवळी असेल तर काढा. खिडकीपाशी आरसा धरा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. पहिल्यांदा बोटं: तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही बसली पाहिजेत. मग ओठ उलटे करून पाहा, गाल बाजूला ओढा. पुडी ज्या बाजूला धरता तिथं जास्त वेळ द्या.

जिभेला लोक घाई करतात. टोक स्वच्छ रुमालात धरून बाहेर ओढा आणि दोन्ही कडा मागपर्यंत बघा, कारण जिभेचा कॅन्सर बहुधा कडेलाच सुरू होतो. जीभ टाळूला लावून खालची जागाही पाहा. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर गाठ चाचपा.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली डाग, कडक कडांचा फोड, विनाकारण हललेला दात, बधिर जीभ, गिळताना त्रास: यातलं काहीही दोन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बरेचदा दुखतच नाही. फोडावर तूप-हळद लावून महिने घालवणारे माझ्याच गल्लीत आहेत.

धोक्याचा हिशेब प्रामाणिकपणे करा. बिडी, सिगारेट, खर्रा, नस (तपकीर), गुडाखू (दातांना घासायची तंबाखू) सगळं धरा; किती वर्षं आणि दिवसातून किती वेळा, तेही. पुडी गालात ठेवून झोपत असाल तर तेही लिहा. दारू वेगळी मोजू नका: तंबाखू आणि दारू सोबत असली की धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त होतो. तुटक्या दाढेची धार किंवा सैल कवळी एकाच जागी घासत असेल तर ती आधी नीट करून घ्या. उन्हात राबणाऱ्यांनी खालचा ओठ बघावा. जिभेच्या मुळाशी आणि घशात एचपीव्ही विषाणूमुळेही कॅन्सर होतो, म्हणून "मला व्यसनच नाही" म्हणत फोडाकडे दुर्लक्ष करू नका.

दाखवायला नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे. डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढायचा म्हटलं तर काढू द्या. सुरी लागली की कॅन्सर पसरतो, हे ठेल्यावरचं ज्ञान आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

मला डॉक्टरांनी आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगितल्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. गॅरेजमधले पोट्टे हसतात. एक तारखेला भाडं दिलं की मी बोटं मोजतो. पहिल्यांदा दीड बसली होती, आता दोन बसतात. तिसरं बोट अजून अडतं.