टायरची हवा, टायरची निवड आणि गाडीचे ॲव्हरेज

फिरत्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग क्षणभर दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. दबताना रबराने शोषलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. हवा कमी असली की टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि इंधन जास्त लागते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानुसार चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने घटला, तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. आकडा लहान दिसतो; पण महिनोन्‌महिने हवा न तपासलेल्या गाडीत ८-१० पीएसआयची तूट सहज साचते.

दाब सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी तपासावा. हिंजवडीहून घरी परतताना वाटेतल्या पंपावर मोजलेला दाब तापलेल्या टायरचा असतो. तो जास्त दिसतो म्हणून हवा काढली, तर रात्रीतून टायर थंड झाल्यावर ती कमीच ठरते. त्यासाठी स्वतःचे गेज घरी ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. पंपावरच्या मुलाने ‘किती भरू?’ असे विचारल्यावर अंदाजाने आकडा सांगू नये. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर पाहावा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तापमान सहा अंशांनी उतरले की दाब साधारण १ पीएसआयने उतरतो. त्यामुळे ऑक्टोबरातील ३० अंशांच्या दुपारी योग्य भरलेली हवा पुण्यातील डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे सुमारे ३ पीएसआयने कमी भरते.

ॲव्हरेज वाढावे म्हणून स्टिकरवरील आकड्यापेक्षा जास्त हवा मात्र भरू नये. टायरचा रस्त्याशी संपर्क कमी होतो, मधला पट्टा आधी झिजतो, आणि पावसाळ्यात कात्रज घाट उतरताना त्याची किंमत मोजावी लागू शकते.

नवे टायर घेताना दिखाव्यासाठी रुंद माप निवडू नये. कंपनीने दिलेलेच माप ठेवावे. सिलिकायुक्त रबराच्या टायरमध्ये ऊर्जेचा अपव्यय कमी होतो आणि ओल्या रस्त्यावरील पकडही टिकते; दुकानदाराला या दोन्ही गोष्टी विचाराव्यात. नायट्रोजनसाठी जादा पैसे देण्याची गरज नाही, कारण साध्या हवेतच तो ७८ टक्के असतो. महिन्यातून एकदा चारही चाकांबरोबर स्टेपनीचाही दाब मोजावा आणि व्हॉल्व्हच्या टोप्या पुन्हा घट्ट बसवाव्यात.