आजोबांचे घड्याळ: आतले मशीन कोणते आणि वय किती, हे कसे ओळखावे

माझ्या आजोबांचे मनगटी घड्याळ पानशेतच्या पुरातून वाचले, असे घरात सगळे सांगत. नारायण पेठेतले घर, त्यामुळे १२ जुलै १९६१ ची आठवण आमच्याकडे भांड्याकुंड्यांनाही चिकटलेली. घड्याळाचे डायल मात्र इतके स्वच्छ, की बघणारा म्हणे, हे सत्तरच्या दशकातले असणार. मग पुराचे खरे की डायलचे? याचा छडा लावताना जे शिकले, ते क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. जुन्या घड्याळाला एकच वय नसते. केस (म्हणजे बाहेरची धातूची पेटी), डायल, काटे, चावी, मशीन यांतला प्रत्येक भाग कधीतरी बदललेला असू शकतो. म्हणून एका खुणेवर विसंबू नका. दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळतात का, ते पाहा.

सुरुवात न उघडता करा. घड्याळ कित्येक वर्षे कपाटात पडून असेल तर चावी देऊ नका. तेल सुकलेले असते, आणि कोरडे मशीन चालवले की चाकांची टोके झिजतात. चालू स्थितीत असेल तर सेकंदकाटा बघा. सेकंदाला एकच उडी मारत असेल तर ते बहुधा सेलवरचे क्वार्ट्झ. तसे असेल तर ते १९६९ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सेकोने त्या वर्षीच्या डिसेंबरात विक्रीला आणले. काटा बारीक पावलांनी सरकत असेल तर यांत्रिक. जुनी चावीची घड्याळे बहुतेक तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. मनगटावर हलवल्यावर आत काही गरगर फिरल्यासारखे वाटले तर ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे.

मग भिंग घेऊन डायलवर सहाच्या आकड्याखाली बघा. तिथे ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक ‘टी’ असेल, तर चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे आणि डायल साधारण १९६० च्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतचे आहे. त्याहून जुन्या डायलवर रेडियम असू शकते. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. काटे किंवा आकडे नखाने खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण घरात लहान मुले असली की अशी घड्याळे हमखास त्यांच्या हाती जातात.

मागचे झाकण स्वतः उघडायचा मोह आवरा. काठाला खाचा असतील तर ते आट्यांचे, नसतील तर बहुधा दाबून बसवलेले. स्वयंपाकघरातल्या सुरीने उघडायला गेलात तर केसवर कायमचा ओरखडा उठतो, आणि सुरी निसटली तर बॅलन्स व्हील, म्हणजे पुढे-मागे डोलत ठोके राखणारे चाक, गेलेच. आपल्या पेठांमध्ये अजूनही डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी आहेत. त्यांच्याकडे जा, समोर बसून उघडून घ्या आणि मोबाइलने फोटो काढा.

मशीनवर काय शोधायचे? आत बनवणाऱ्याचा शिक्का असतो, आणि तो डायलवरच्या नावाचाच असेल असे नाही. अनेक स्विस कंपन्या मशीन बाहेरून घेत. ए. शिल्ड या कारखान्याची ‘एएस’ ही अक्षरे ढालीच्या चौकटीत दिसतात. ईटा, एफएचएफ, युनिटास हीही नेहमी भेटणारी नावे. शिक्क्याजवळ, पुष्कळदा बॅलन्स व्हीलच्या खाली, कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा, आकडा असतो. चाक मध्ये येते, म्हणून दोन-तीन कोनांतून फोटो घ्या. तो आकडा मिळाला की ते मशीन कोणत्या काळात बनत होते हे शोधता येते. बॅलन्सच्या मधोमध वीणेसारखी इवलीशी सोनेरी स्प्रिंग दिसली तर ते इन्काब्लॉक, धक्क्यापासून जपणारी रचना. ती असेल तर मशीन १९३० च्या दशकाच्या आधीचे नाही.

काही कंपन्यांचे सोपे असते. ओमेगाचा अनुक्रमांक मशीनवरच असतो: १ कोटीच्या आसपास म्हणजे साधारण १९४४, २ कोटी म्हणजे १९६३ च्या सुमाराचे. जुन्या सेकोच्या झाकणावरच्या अनुक्रमांकात पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ‘८३’ ने सुरू झाला तर मार्च १९६८, १९७८ किंवा १९८८. दशक कोणते ते कॅलिबरवरून ठरते. एचएमटी असेल तर १९६१ हीच आधीची हद्द, कारण सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरचा कारखाना तेव्हा सुरू झाला. जनतासारख्या चावीच्या घड्याळांत ०२३१ हे १७ ज्वेलचे (चाकांची झीज रोखणाऱ्या खड्यांचे) मशीन भेटते.

आमच्या घड्याळात ढालीतले ‘एएस’ निघाले आणि आकडा ११३०. म्हणजे चाळीसच्या दशकापासून चालत आलेले मशीन. घड्याळजींनी चिमट्याने एक पोलादी पट्टी दाखवली. तिच्यावर जुन्या गंजाचे तपकिरी ठिपके होते, घासूनही न गेलेले. मग त्यांनी झाकण तिरके धरले. आतल्या बाजूला सुईने कोरलेले होते: ‘८-६१’. दुरुस्ती करणारे अशी नोंद झाकणाच्या आत करून ठेवत. पुरानंतरच्या महिन्यात कुणीतरी हे मशीन सोडवून, धुऊन, पुन्हा जोडले होते. डायल नंतर कधीतरी रंगवून घेतलेले. छोट्या सेकंदकाट्याचे वर्तुळ केसभर डावीकडे सरकले आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

असे रंगवलेले डायल ओळखायला शिका, कारण जुन्या बाजारात अशी घड्याळे खूप दिसतात. जाणकार त्यांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात. अक्षरे जाड, ओळी किंचित तिरक्या, रंग भडक. घरातल्या घड्याळाचे डायल असे निघाले तरी ते काढून नवे बसवू नका, आणि जुने डायल डागाळलेले असेल तर ‘चकाचक करून देतो’ याला होकार देऊ नका. सर्व्हिसिंग मशीनचे करा, डायलला हात लावू देऊ नका.

झाकण बंद होण्याआधी आतल्या बाजूचा फोटो मात्र आठवणीने घ्या. कॅलिबर, अनुक्रमांक, कोरलेल्या तारखा आणि घरच्यांना आठवते ते, सगळे एका चिठ्ठीवर लिहून घड्याळाच्या डबीत ठेवा. आजोबांचा लग्नातला फोटो असेल तर तोही भिंगाखाली धरा. आमच्या फोटोत मनगटावर हेच घड्याळ आहे, जुन्या डायलसकट.