जनुक-नियमनाचं मॉडेल लिहिताय? या चुका टाळा

एक जनुक एमआरएनए (म्हणजे स्वतःची तात्पुरती प्रत) बनवतं, एमआरएनएपासून प्रथिन तयार होतं आणि ते प्रथिन उलटून त्याच जनुकाला दाबतं. दोन समीकरणांचा मामला. नवखी मंडळी हे अर्ध्या तासात कोडमध्ये उतरवतात, आलेख काढतात आणि लगेच पेशीबद्दल विधानं करू लागतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मॉडेलांमध्ये जीवशास्त्राच्या चुका कमी असतात, घाईच्या फार.

एका संशोधक विद्यार्थ्याने नेमकं हेच मॉडेल आणलं होतं. एमआरएनएचं अर्धायुष्य 3 मिनिटं घेतलेलं, जिवाणूसाठी अगदी रास्त. आलेखात एमआरएनए नियमित खालीवर होत होता, दर 20 मिनिटांनी एक आवर्तन. आता भरपूर पोषण असेल तर ई. कोलाय या जिवाणूची संख्या साधारण 20 मिनिटांत दुप्पट होते. झालं! पठ्ठ्याने मसुद्यात लिहून टाकलं होतं की पेशीविभाजनाशी जुळलेलं घड्याळ सापडलं.

मी विचारलं, टाइम स्टेप, म्हणजे आकडेमोडीतली काळाची एक उडी, किती? म्हणाला, 10 मिनिटं, पटकन रन व्हावं म्हणून. सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा कोड) म्हणजे हाताने लिहिलेली यूलरची पद्धत: आत्ताचा बदलाचा दर गुणिले स्टेप, तेवढं थेट पुढे जायचं. आता हिशेब करा. अर्धायुष्य 3 मिनिटं म्हणजे ऱ्हासाचा दर 0.693 भागिले 3, मिनिटाला 0.23. त्याला 10 ने गुणलं की 2.3. यूलरच्या पद्धतीत हा गुणाकार 2 च्या वर गेला की उत्तर दर स्टेपला समतोलाच्या या बाजूहून त्या बाजूला उडतं आणि प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा मोठी होते. आकडे ऋण व्हायला लागले तेव्हा खरं तर त्याने थांबायला हवं होतं. त्याने काय केलं, तर ऋण आलं की शून्य करायचं अशी एक ओळ घातली. मग एमआरएनए एका स्टेपला शून्य, पुढच्या स्टेपला वर, परत शून्य. दोन स्टेप म्हणजे 20 मिनिटं. घड्याळ होतं खरं, पण त्याच्या लूपचं.

आणि हे कळायला कॉम्प्युटरही लागत नाही. दोनच चलं, स्वतःला दाबणारं जनुक, मध्ये विलंब नाही, अशा मॉडेलमध्ये टिकणारी आवर्तनं येऊच शकत नाहीत. बेंडिक्सनचा निकष 1901 पासून उपलब्ध आहे: समीकरणांचं डायव्हर्जन्स (प्रत्येक समीकरणाचं त्याच्याच चलानुसार अवकलन, मग बेरीज) काढा, ते दोन ऱ्हासदरांच्या बेरजेइतकं आणि कायम ऋण येतं, म्हणजे बंद वर्तुळ अशक्य. दोन ओळींचं काम. पण कागद-पेन घ्यायचा म्हटलं की मुलांच्या कपाळावर आठ्या.

माझी सवय सांगते. कुठलाही देखणा आलेख आला की स्टेप निम्मी करून परत चालवायचा. आकार बदलला तर तो आलेख केराच्या टोपलीत. वेगवान आणि संथ प्रक्रिया एकत्र असतील तर स्टिफ समीकरणांसाठीचा तयार सॉल्व्हर वापरा, स्वतःचा लिहिण्याची हौस नंतर भागवा. आणि संहती (रेणूंचं प्रमाण) ऋण आली तर ती झाकू नका. ती तक्रार आहे, ऐका.

माझी दुसरी डोकेदुखी म्हणजे हिल गुणांक, म्हणजे प्रथिन वाढलं की जनुक किती झटक्यात बंद होतं ते सांगणारा आकडा. आवर्तनं येत नाहीत? गुणांक 2 चा 4 करा. अजून नाही? 10 करा. आली! हा रेडिओचा आवाज वाढवण्याचा खटका नव्हे. हिलने हे समीकरण 1910 मध्ये हिमोग्लोबिनसाठी मांडलं. त्यात ऑक्सिजनला बसायला चार जागा आहेत, तरी मोजलेला गुणांक 2.8 च्या आसपास भरतो. तेव्हा तुमचं दाबक प्रथिन जोडीने डीएनएवर बसत असेल तर 10 आणलात कुठून? स्वतःला दाबणाऱ्या जनुकाच्या, गुडविनच्या 1965 च्या तीन चलांच्या मॉडेलबाबत ग्रिफिथने 1968 मध्येच दाखवलं की ऱ्हास साधा, रेषीय असेल तर आवर्तनांसाठी गुणांक 8 च्या वर लागतो. एवढा मोठा आकडा लागतोय याचा अर्थ मॉडेलमधून काहीतरी गळलंय. बहुतेक वेळा गळलेला असतो विलंब: लिप्यंतरण (जनुकापासून एमआरएनए), स्प्लायसिंग (त्याची काटछाट), भाषांतर (त्यापासून प्रथिन) या सगळ्याला वेळ लागतो. उंदराच्या पेशींतल्या हेस1 या स्वतःच्याच जनुकाला दाबणाऱ्या प्रथिनाची पातळी साधारण दोन तासांच्या ठेक्याने खालीवर होते, आणि विलंब धरलेल्या मॉडेलला त्यासाठी अवाजवी गुणांक लागत नाही. मी गुणांक आधी जागा मोजून ठरवते आणि मग त्याला हात लावत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. अर्धायुष्याचा आकडा थेट दर म्हणून घालणं: वर केलेला भागाकार करायचा, विषय संपला. एकक न लिहिणं: माझ्या कोडमध्ये प्रत्येक पॅरामीटरच्या शेजारी एकक असतं, नसेल तर मी पुढे वाचतच नाही. प्रथिन टिकाऊ आहे म्हणून ऱ्हास शून्य धरणं: अहो, पेशी वाढते, तिच्यातलं सगळं विरळ होतं. 20 मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशीत नुसत्या वाढीनेच मिनिटाला 0.035 इतकी घट होते. ती विसरलात तर प्रथिन कधी थांबणारच नाही, वाढतच राहील.

सरासरीवर विसंबणंही वाईट. नोविक आणि वायनर यांनी 1957 मध्ये दाखवलं की प्रेरक (जनुक चालू करणारा रेणू) कमी असताना ई. कोलायमधल्या लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांची अर्धवट दिसणारी पातळी फसवी असते. काही पेशी पूर्ण चालू असतात, काही पूर्ण बंद. मधली पेशी जवळजवळ नसतेच, आणि तुम्ही समीकरण लिहिता ते नेमकं तिचं. त्यातून ई. कोलायच्या पेशीत लॅक दाबकाचे (हीच जनुकं दाबणाऱ्या प्रथिनाचे) रेणू असतात जेमतेम दहाच्या घरात. एवढ्याशा पेशीत एक रेणू म्हणजे सुमारे 1.6 नॅनोमोलार इतकी संहती. अशा ठिकाणी 0.4 रेणू असं उत्तर आलं की एकेक अभिक्रिया यादृच्छिकपणे घडवत नेणारा गिलेस्पीचा 1977 चा अल्गोरिदम काढायचा. तो हळू चालतो, मान्य. चालू दे.

शेवटचं, डेटाला मॉडेल बसवताना. फक्त स्टेडी स्टेटचे (पातळी स्थिरावल्यानंतरचे) आकडे हातात असतील तर निर्मितीचा दर आणि ऱ्हासाचा दर वेगवेगळे सांगता येत नाहीत, त्यांचं गुणोत्तर तेवढं मिळतं. सॉफ्टवेअर तरी दोन्ही आकडे छापतं, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत. मी दोन्ही दर दुप्पट करून पाहते. फिट तसूभरही हलला नाही, तर आधी लिप्यंतरण थांबवून एमआरएनए कसा उतरतो ते वेळेनुसार मोजून आणा, फिटिंगचं मग बघू.