हॉलमधल्या संगणकासाठी बिनआवाजाचं ग्राफिक्स कार्ड

सिनेमात शांत प्रसंग चाललेला असायचा, पडद्यावर कुणी बोलत नसायचं, आणि टीव्हीखालून बारीक, सलग 'सुंईंई' ऐकू यायचं. माझ्या घरी हे वर्षभर चाललं. आवाज येत होता तो ग्राफिक्स कार्डावरच्या ४० मिलिमीटरच्या पंख्याचा. एवढ्याशा पंख्याला पुरेशी हवा ढकलायची तर जोरात फिरावंच लागतं, आणि त्याचा सूर इतका वर चढतो की कान त्याचा पिच्छा सोडत नाही. तेव्हापासून कार्ड बघताना मी आधी वॅट बघते. जितके वॅट, तितकी उष्णता. आणि उष्णता कमी असेल तर पंख्याशिवाय भागतं.

त्याआधी एक खात्री करून घ्या: कार्ड लागतंय का? इंटेलच्या सातव्या पिढीपासून प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच १०-बिट एचईव्हीसी (४के सिनेमे बहुधा ज्या पद्धतीने दाबून साठवतात ती) सहज डीकोड करतं, म्हणजे उलगडून चित्र दाखवतं. अकराव्या पिढीपासून एव्ही१ ही आणखी नवी पद्धत सुद्धा. (मॉडेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं.) जुन्या मदरबोर्डांवर अडतं ते दुसरीकडे. त्यांच्यावरचं एचडीएमआय बरेचदा १.४ असतं आणि त्यातून ४के चित्र ३० हर्ट्झच्या वर जात नाही. सिनेमा २४ फ्रेमचा असल्यामुळे तो निभावतो, पण मेनू अडखळत सरकतो आणि एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारं चित्र) मिळत नाही. ४के टीव्ही असेल तर एचडीएमआय २.० हवंच.

डीकोडिंगचा आवाजाशी थेट संबंध आहे, हे मला उशिरा कळलं. कार्डाला फाइलचा कोडेक (म्हणजे ती दाबायची पद्धत) हार्डवेअरवर उलगडता येत नसेल तर ते काम प्रोसेसरवर पडतं. जुन्या प्रोसेसरला ४के एचईव्हीसीने घाम फुटतो आणि मग त्याचा पंखा ओरडू लागतो. म्हणजे कार्ड बिनपंख्याचं घेऊनही आवाज आहेच! विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख असतो. फाइल सुरू केल्यावर तो हलला आणि प्रोसेसर निवांत राहिला, तर काम योग्य ठिकाणी चाललंय.

आता कार्डं. एनव्हिडियाचं जीटी ७१० अवघ्या १९ वॅटचं आणि बिनपंख्याचं सहज मिळणारं, म्हणून लोक ते उचलतात. पण त्यात एचईव्हीसीचा डीकोडर नाही आणि एचडीएमआयही १.४. १०८०पी टीव्ही आणि एच.२६४ या जुन्या कोडेकच्या फाइल्स एवढंच असेल तर ठीक, नाहीतर नको. माझ्याकडे आज आहे ते २०१७ मध्ये आलेलं जीटी १०३०: ३० वॅट, नुसता हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा), एचडीएमआय २.०, १०-बिट एचईव्हीसी आणि यूट्यूब वापरतं तो व्हीपी९ कोडेक, दोन्ही. घेताना मेमरी जीडीडीआर५ आहे ना ते बघा. याच नावाने डीडीआर४ वालं कार्डही निघालं आणि ते बरंच हळू आहे. एव्ही१ मात्र दोन्हींत नाही. ते हवं असेल तर इंटेल आर्क ए३१० किंवा ए३८० बघा, पण मदरबोर्डवर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का ते आधी तपासा, आणि पंखा कसा आहे हे मॉडेलनुसार बघा. एएमडीच्या आरएक्स ६४०० मध्ये एचडीएमआय २.१ आहे, पण वॅट ५३ आणि एव्ही१ नाही. केवळ सिनेमासाठी मी ते घेणार नाही.

बिनपंख्याचं कार्ड घेतलं म्हणून उष्णता नाहीशी होत नाही, ती कॅबिनेटमध्येच साठते. मी पहिल्यांदा संगणक टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवला होता. सिनेमा पाऊण तास झाल्यावर चित्र अडखळू लागलं आणि कप्प्याचं दार उघडलं तर तोंडावर गरम वाफ आल्यासारखं वाटलं. आता कप्प्याचं मागचं फळकूट काढलंय आणि कॅबिनेटमध्ये १२० मिलिमीटरचा एकच पंखा मिनिटाला ६०० फेऱ्यांवर फिरतो. मोठा पंखा हळू फिरला तर आवाज जवळजवळ नसतोच. हवा खेळते का हे बघायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी मागच्या जाळीसमोर धरा. ती जराशी बाहेरच्या बाजूला झुकली तरी पुरे.

काही कार्डांचा पंखा थंड असताना पूर्ण थांबतो. कल्पना छान, पण स्वस्त मॉडेलमध्ये तो दर दोन मिनिटांनी सुरू-बंद होऊ लागला तर सलग आवाजापेक्षा जास्त त्रास होतो. मग सॉफ्टवेअरमधून त्याची किमान गती ठरवून द्या. आणि पातळ कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल पट्टी (कार्ड बसवायची आखूड पट्टी) सोबत येते का, हीटसिंक दोन स्लॉट व्यापतो का, हे टेप लावून मोजाच.

कार्ड बसवल्यावर पहिल्याच रात्री सगळ्यात जड ४के फाइल तासभर लावा, टीव्ही म्यूट करा आणि नेहमीच्या जागेवर बसून ऐका. पंखा नसलेल्या कार्डातूनही कधीकधी कॉइलची (आतल्या तारेच्या वेटोळ्याची) किणकिण येते, आणि ती दिवसाच्या गोंगाटात कळत नाही. आली तर परत करायची मुदत संपण्याआधी कार्ड बदलून घ्या.