आदिकेंद्रकी पेशी शिकताना मी केलेली चूक

पहिल्या वर्षी आदिकेंद्रकी पेशी, म्हणजे जीवाणूंची केंद्रक नसलेली पेशी, मी नकारांची यादी म्हणून पाठ केली होती. केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, गॉल्जी पिंड नाही. लेखी परीक्षेत निभावलं. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "केंद्रक नसल्यानं पेशीचं काय अडतं?" माझी दातखीळ बसली.

अडत काहीच नाही, उलट कामं एकदम उरकतात. मधे आवरण नसल्यामुळे डीएनए आणि रायबोसोम शेजारी-शेजारीच असतात. डीएनएवरून आरएनएची प्रत पुरती निघालेलीही नसते, तोच तिच्या सुट्या टोकावर रायबोसोम बसतात आणि प्रथिन बांधायला घेतात. आपल्या पेशीत त्या आरएनएला आधी केंद्रकाबाहेर यावं लागतं. हे कळलं आणि आकृतीतला तो डीएनएचा मधला गुंता, न्यूक्लिऑइड, मला पहिल्यांदा नीट दिसला. ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम २ मायक्रोमीटर लांब. त्याचा डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर भरतो. पीळ घालघालून तो आत बसवलेला असतो.

रायबोसोम ७०एस, त्याचे भाग ५०एस आणि ३०एस. बेरीज जुळत नाही म्हणून मी वहीत ८०एस 'दुरुस्त' करून ठेवलं होतं! एस हे वजन नव्हे. सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगानं खाली बसतो त्याचं ते माप, त्यामुळे त्याची बेरीज होत नाही.

पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची भिंत, मात्र पुस्तकातून कळत नाही; ग्रॅम रंजन, म्हणजे भित्तिकेनुसार जीवाणू वेगवेगळे रंगवायची पद्धत, हातानं करा. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन या पदार्थाचा जाड थर असलेले जीवाणू जांभळे राहतात, पातळ थराचे गुलाबी होतात. माझी पहिली स्लाइड सगळीच गुलाबी आली, कारण अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं होतं. त्या चुकीनं तो थर रंग कसा धरून ठेवतो ते पक्कं डोक्यात बसलं. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला भित्तिकाच नसते. म्हणून भित्तिकेच्या बांधणीवर घाव घालणारं पेनिसिलिन त्याच्यापुढे निकामी ठरतं.

कशाभिका (पोहायची शेपटी), पिली (बाहेरचे बारीक केस), संपुटिका (भित्तिकेबाहेरचं आवरण) यांना एक संध्याकाळ पुरे.

जुन्या आकृत्यांत मेसोसोम नावाचा, पेशीपटलाचा आत वळलेला भाग दिसेल. सूक्ष्मदर्शकासाठी नमुना रसायनांनी तयार करताना पटलाला पडलेली ती घडी आहे, असं आता मानलं जातं. तो प्रश्न आलाच तर आधी तुमच्या पाठ्यपुस्तकात काय छापलंय ते बघून घ्या.