यलोनाइफच्या उत्तरेला, कोअरच्या पेट्यांपाशी

आर्सेनोपायराइट या आर्सेनिक असलेल्या खनिजावर हातोडी मारली की लसणासारखा वास येतो. नागपुरात एम.एस्सी.च्या पेपरात मी हे लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते, पण वास कधी घेतला नव्हता. तो पहिल्यांदा आला कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, यलोनाइफहून छोट्या विमानाने तासभर उत्तरेला, एका प्लायवूडच्या शेडमध्ये. बाहेर उणे ३५, आत डिझेलची शेगडी, आणि समोर लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेले दगडाचे दंडगोल. पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरेच्या कडेला चंदेरी सुयांसारखं काहीतरी चमकत होतं. सिनियर म्हणाला, "ठोकून बघ." वास आला आणि तो हसला. या पट्ट्यात हे खनिज दिसलं तर सोन्याची आशा धरायला जागा असते.

नागपूर, पुणे किंवा गोव्यात भूशास्त्र शिकून उत्तरेकडे खनिजशोधाच्या कामाला यायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी नागपूरची. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे, मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचंही. खाण हा शब्द लहानपणापासून कानावरचा. तरी इथे आल्यावर पहिले सहा महिने मी जवळजवळ सगळं नव्याने शिकले.

आधी दगडांचं बोलू. आपल्याकडे दगड म्हणजे काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा बेसॉल्ट. यलोनाइफच्या उत्तरेला सुमारे ३०० किलोमीटरवर अकास्टा नदीपाशी जो नाइस नावाचा खडक उघडा पडलाय, त्याचं वय ४०० कोटी वर्षांच्या वर आहे. हा सगळा भूभाग म्हणजे स्लेव्ह क्रेटॉन, पृथ्वीच्या कवचाचा एक फार जुना, स्थिर तुकडा. लाव्हाचे थर इथेही आहेत, पण ते चेपलेले, वळलेले, भाजून हिरवे पडलेले, आणि त्यांच्यातून क्वार्ट्झच्या शिरा गेलेल्या. ज्यांनी फक्त दख्खनच्या पठारावर फील्डवर्क केलंय त्यांना हे खडक वाचणं जड जातं. भंडारा-गोंदियाचे, सिंधुदुर्गाचे किंवा कर्नाटकातल्या हट्टीच्या बाजूचे जुने खडक पायाखालून घातले असतील तर डोळा आधीच तयार असतो. शिक्षण चालू असेल तर एक सुट्टी तिकडे घालवाच.

खनिजशोध म्हणजे काय हे समजायला हिऱ्यांची गोष्ट सगळ्यात चांगली. चक फिप्के आणि स्ट्युअर्ट ब्लुसन हे दोघे जवळपास दहा वर्षं वाळू-मातीचे नमुने गोळा करत हिंडत होते. शोधत होते ते हिरे नव्हेत, तर हिऱ्याच्या सोबतीने वर येणारी खनिजं: जांभळट पायरोप गार्नेट, हिरवागार क्रोम डायॉप्साइड, इल्मेनाइट. हिमयुगात बर्फाच्या जाड थराने ही खनिजं पश्चिमेकडे वाहून नेली होती. म्हणून हे दोघे त्याच वाटेने उलटे, पूर्वेकडे सरकत गेले. नमुन्यात दाणे वाढत गेले आणि एका जागी एकदम संपले. म्हणजे उगम मागेच कुठेतरी होता. १९९१ साली लॅक द ग्रा तळ्याजवळ, पॉइंट लेकपाशी ड्रिल लागलं आणि किम्बरलाइट, म्हणजे हिरे खोलातून वर आणणारा खडक, सापडलं. किम्बरलाइट आजूबाजूच्या खडकापेक्षा मऊ असल्यामुळे बर्फाने ते खरवडून काढलं, तिथे खळगे झाले आणि त्यांची तळी झाली. त्यामुळे किम्बरलाइटचे इथले कितीतरी पाइप, म्हणजे उभे नळकांडे, तळ्यांच्या पोटात दडलेत. एकाटी ही कॅनडातली पहिली हिऱ्याची खाण १९९८ ला सुरू झाली, डायव्हिक २००३ ला. (जगातले बहुतेक हिरे पैलूंसाठी सुरतेला जातात. इथल्या तळ्याखालचा खडा आपल्या शेजारच्या राज्यात घासला जातो, याचं मला अजून नवल वाटतं.)

सात वर्षांत शोधापासून खाण, हा मात्र अपवाद. गाहचो कुए इथलं किम्बरलाइट १९९५ ला सापडलं आणि खाण सुरू व्हायला २०१६ उजाडलं. आणि सापडलेल्या बहुतेक जागांची खाण कधीच होत नाही. आपल्या हातून एखादी खाण उभी राहील या आशेवर या धंद्यात येऊ नका. आपल्या वाट्याला बहुधा मधलाच एखादा तुकडा येतो, आणि तो नीट करायचा असतो.

नवख्याच्या वाट्याचा तुकडा म्हणजे कोअर लॉगिंग. हिऱ्याच्या दात्यांचं ड्रिल खडकातून दंडगोल काढतं, त्याला कोअर म्हणतात. आमच्याकडे बहुधा एनक्यू मापाचा, म्हणजे जाडी ४७.६ मिलिमीटर. ड्रिल बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत अखंड चालतं. जमीन कायम गोठलेली असल्याने ड्रिलच्या पाण्यात मीठ कालवावं लागतं, नाहीतर सळ्या भोकातच गोठून अडकतात. दर तीन मीटरला ड्रिलर पेटीत लाकडी ठोकळा ठेवतो आणि त्यावर खोली लिहितो. पेटी शेडमध्ये आली की आपण ती धुवायची, तुकडे एकमेकांना जुळवायचे, फीत लावून मोजायचं, दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे किती भरतात ते काढायचं, फोटो घ्यायचे. मग भिंग लावून खडक, शिरा, त्यांचे कोन, खनिजं असं सगळं इंचाइंचाने लिहायचं.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. एका भोकात माझी मोजणी आणि ठोकळ्यावरची खोली जुळेना, तीन मीटरचा फरक येत होता. रात्रीचे दहा वाजलेले, पाठ मोडलेली. मी तेवढा भाग "कोअर हाती आला नाही" असा लिहून हिशेब जुळवला. दुसऱ्या दिवशी सिनियरने पेट्या पाहिल्या. तुकडे एकमेकांत चपखल बसत होते, मध्ये काही हरवल्याची खूणच नव्हती. रात्रपाळीत एका ठोकळ्यावर आकडा पुढचा पडला होता आणि तिथून पुढचं सगळं तीन मीटरने सरकलं होतं. मी ज्या शिरेची नोंद केली होती, तीही चुकीच्या खोलीवर गेली होती. बारा पेट्या पुन्हा मोजल्या. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "जुळत नसेल तर 'जुळत नाही' असं लिही आणि ड्रिलरला जाऊन विचार." ड्रिलरने त्याची वही उघडली, सळ्या मोजल्या आणि पाच मिनिटांत चूक सापडली. तेव्हापासून मी आकडा जुळवून घेतलेला नाही. तुम्हीही घेऊ नका, कितीही दमला असलात तरी. तुमच्या नोंदींवर पुढे दुसरं कोणी दुसरं भोक आखतं, आणि एका भोकाला लागणारा पैसा प्रचंड असतो.

नमुन्यांची शिस्तही अशीच. कोअर करवतीने उभा कापून अर्धा प्रयोगशाळेत जातो आणि अर्धा पेटीत राहतो, कायमचा. सोनं डोळ्यांना दिसलं तर त्याच्या मागोमाग सोनं नसलेला कोरा नमुना घालतात, म्हणजे आधीच्या नमुन्याचा कण मागे राहून पुढच्यात मिसळला तर कळतं. ठरावीक अंतराने प्रमाणित नमुने जातात, म्हणजे ज्यांतलं सोनं किती ते आधीच माहीत असतं असे. नव्या माणसाला हे कारकुनी वाटतं. पण इंडोनेशियातलं बुसांग आठवा. तिथल्या शोधात ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि १९९७ ला ते उघड झालं तेव्हा पडताळायला अर्धा कोअरही शिल्लक नव्हता, सगळा दळून टाकलेला. हजारो लोकांची बचत बुडाली. त्यानंतरच कॅनडात '४३-१०१' हा नियम आला: साठ्याचे आकडे पात्र भूशास्त्रज्ञाच्या किंवा अभियंत्याच्या सहीशिवाय जाहीर करता येत नाहीत.

प्रवास आणि राहणीबद्दल थोडक्यात. बहुतेक खाणींना बारमाही रस्ता नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये टिबिट ते कॉन्ट्वॉयटो हा सुमारे ४०० किलोमीटरचा बर्फाचा रस्ता होतो, त्यातला बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून. भरलेले ट्रक ताशी २५ च्या वेगाने जातात, कारण वजनामुळे बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग वाढला तर ती किनाऱ्याशी बर्फ फोडते. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, यंत्रं या आठ-दहा आठवड्यांत न्यायची. २००६ ला हिवाळा उबदार निघाला, रस्ता लवकर बंद झाला आणि डिझेलसुद्धा विमानाने न्यावं लागलं. आमच्यासारख्या शोधाच्या कॅम्पला तर सगळं विमानानेच येतं, बटाट्यापासून ड्रिलच्या सळ्यांपर्यंत. तंबूत राहणं, चार आठवडे काम आणि दोन आठवडे सुट्टी. थंडीची सवय होते. जून-जुलैतले डास आणि काळ्या माश्या जास्त छळतात, डोक्यावरून घ्यायची जाळी विसरू नका. अस्वलं असतात, त्यामुळे एकटं कुठेही जायचं नाही. मुलींना एक सांगते: नेमणूक घेण्याआधी झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय काय आहे हे स्पष्ट विचारा. मी विचारलं होतं आणि कोणालाही ते वावगं वाटलं नाही.

आता पुन्हा त्या लसणाच्या वासाकडे येते. यलोनाइफ शहराला लागूनच जायंट नावाची सोन्याची खाण आहे, १९४८ ते २००४ चाललेली. तिचं सोनं आर्सेनोपायराइटमध्ये अडकलेलं होतं. ते सोडवायला खनिज भाजायचे, आणि भाजलं की आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पांढरी भुकटी निघायची. सुरुवातीची वर्षं ती धुराड्यातून हवेत गेली आणि बर्फावर, तळ्यांवर बसली. इथले मूळ रहिवासी, यलोनाइव्ह्ज डेने लोक, तोच बर्फ वितळवून पाणी प्यायचे. पुढे ती भुकटी गोळा करून जमिनीखालच्या कोठड्यांत भरली. आज तिथे २,३७,००० टन आहे, आणि भोवतीचा खडक गोठवून ती तिथेच कोंडून ठेवायचं काम सरकार करतंय. मी ती जागा पाहायला गेले त्या दिवशी परत शेडमध्ये तेच चंदेरी खनिज लिहिताना हात थबकला. सोन्याची खूण आणि विषाचा उगम एकाच सुईत. म्हणून पाण्याचे नमुने, मीठ कालवलेलं पाणी कुठे सोडायचं, गाळ कुठे साठवायचा या नियमांना कटकट म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी वाद घालते.

जमीन कोणाची हेही आधी वाचून या. त्लीचो या इथल्या मूळ रहिवाशांचा जमीन आणि स्वशासनाचा करार २००५ पासून लागू आहे. ड्रिल लावायच्या परवान्यासाठी जमीन आणि पाणी मंडळापुढे जावं लागतं, गावांशी बोलावं लागतं. आमच्या कॅम्पवर अस्वलांवर लक्ष ठेवायला एक डेने गृहस्थ होते, साठीच्या पुढचे. एका सकाळी क्षितिजावर कॅरिबू, म्हणजे इकडचे रेनडियर, दिसले, अकरा. त्यांनी ड्रिल थांबवायला लावलं, हेलिकॉप्टर जमिनीवरच ठेवलं. तीन तास आम्ही नुसते बसून होतो. ते सांगत होते, लहानपणी कळप जायला लागला की रात्रभर तंबूबाहेर टक टक आवाज येत राही. चालताना कॅरिबूच्या पायाचे स्नायुबंध तसे वाजतात. इथल्या बॅथर्स्ट नावाच्या कॅरिबूंच्या कळपात १९८० च्या दशकात साडेचार लाखांच्या आसपास जनावरं होती, २०१८ च्या गणतीत सुमारे ८,२०० उरली. कारणं अनेक सांगतात, खाणी आणि रस्ते त्यातलं एक. मी त्या अकरांचे पाय वाजतात का ते ऐकायचा प्रयत्न केला. फार लांब होते.

नोकरीचं गणित सोपं आहे, पण वेळेला बांधलेलं. उन्हाळ्याच्या कामाची माणसं हिवाळ्यातच ठरतात. जानेवारीत व्हँकुव्हरला राउंडअप आणि मार्चमध्ये टोरांटोला पीडीएसी, ही दोन अधिवेशनं चुकवू नका. विद्यार्थ्यांना प्रवेश स्वस्त असतो. मे महिन्यात अर्ज करणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं. गाडीचा परवाना आणि दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स आधीच उरकून ठेवा. भूशास्त्रज्ञ म्हणून सही करायची तर 'पी.जिओ.' ही नोंदणी लागते. त्यासाठी साधारण चार वर्षांचा अनुभव आणि शिकलेल्या विषयांची छाननी होते, म्हणून एम.एस्सी.चे अभ्यासक्रम, तासिकांसकट, विद्यापीठाकडून शिक्क्यानिशी घेऊन या. नंतर नागपूरहून मागवताना माझे आठ महिने गेले. आणि छोट्या कंपन्यांकडे शेअर बाजार पडला की पैसा आटतो, काम एका आठवड्यात बंद होतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या क्षेत्रात पाय टाका.

घरी बसून करण्यासारखं एक काम आहे, फुकट. क्लेम, म्हणजे एखाद्या जागेवरचा खनिजशोधाचा हक्क, टिकवण्यासाठी कंपन्यांना आपल्या कामाचे अहवाल सरकारकडे जमा करावे लागतात, आणि गोपनीयतेची मुदत संपली की ते कोणालाही वाचता येतात. मी कामाला लागल्यावर आमच्याच पट्ट्यातला जुना, टंकलिखित अहवाल काढला. शेवटी हाताने लिहिलेले लॉग जोडले होते. कोणी लिहिले ते माहीत नाही, अक्षर बारीक आणि सरळ. एका भोकाच्या लॉगमध्ये सलग साठ मीटर, दर दीड मीटरला, तीच ओळ होती: शिरा नाही, सल्फाइड नाही. कुठेही "वरीलप्रमाणे" नाही, प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेलं. आम्ही नेमक्या त्याच जागी एक भोक आखलं होतं. सिनियरने ती पानं दोनदा वाचली, नकाशावरचा तो ठिपका खोडला आणि ड्रिल चारशे मीटर पूर्वेला नेलं.