मंदीत विद्युत कंत्राटदारी सुरू करताना : काम कोणते घ्यावे आणि पैसा कसा सांभाळावा

बाजार थंडावला की नव्या इमारतींची कामे रेंगाळू लागतात आणि त्यांच्या वायरिंगवर जगणाऱ्या कंत्राटदारांकडची माणसे घरी बसतात. अशा वेळी स्वतःचा व्यवसाय सुरू करणे वेडेपणाचे वाटू शकते. परंतु अनुभवी वायरमन सहज मिळण्याचा, वापरलेली हत्यारे स्वस्तात मिळण्याचा आणि दुकानदार नव्या माणसाशीही नीट बोलण्याचा हाच काळ असतो. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. काम नसल्यामुळे बसून राहिलेल्या कंत्राटदारापेक्षा काम पूर्ण करूनही पैसे अडकलेला कंत्राटदार मंदीत लवकर बुडतो, आणि पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात अनुज्ञप्तीपासून, म्हणजे कंत्राटदाराच्या सरकारी परवान्यापासून करावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक 2023 च्या विनियमांनुसार विद्युत संचमांडणीचे (वायरिंग व त्यावरील उपकरणांच्या जोडणीचे) काम अनुज्ञप्तीधारक कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावयाचे असते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी, संचमांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी कामे तेवढी यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्रात ही अनुज्ञप्ती राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळते. त्यासाठी स्वतःकडे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असावे लागते किंवा तसे प्रमाणपत्र असलेला माणूस नेमावा लागतो, आणि चाचणीची उपकरणेही दाखवावी लागतात. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडलेल्याने प्रथम आपली पात्रता कोणत्या परवान्याला पुरते हे मंडळाकडून समजून घ्यावे. अनुज्ञप्ती हाती येईपर्यंत एखाद्या अनुज्ञप्तीधारकाच्या हाताखाली मजुरीच्या दराने काम घेण्यात कमीपणा नाही. मात्र दुसऱ्याला पैसे देऊन टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे काम तपासल्याच्या दाखल्यावर, सही-शिक्का आणण्याची जी पद्धत सर्रास चालते, तिच्या वाटेला जाऊ नये. आग लागल्यास किंवा कोणाला विजेचा धक्का बसल्यास तो कागदच पहिल्यांदा तपासला जातो.

हत्यारांवर खर्च करताना क्रम ठेवावा. 500 व्होल्टचा मेगर (तारांचे आवरण शाबूत आहे का हे तपासणारे यंत्र), क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारे), अर्थ टेस्टर, चांगले ड्रिल आणि भिंतीत चर कापण्याचे यंत्र एवढ्यावर घरगुती व छोट्या व्यापारी कामांची सुरुवात होते. टेम्पो, कार्यालय आणि फलक यांची घाई नको. भांडवल कमी पडल्यास छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतील शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे, पण मंजूर झाले म्हणून सगळे कर्ज उचलू नये. हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो. कंत्राटदाराचे बिल तसे येत नाही.

आता कामाच्या निवडीकडे वळू. नव्या बांधकामांचा ओघ आटला तरी जुनी वायरिंग जुनीच होत राहते, आणि मंदीतही ज्याला पैसा खर्च करणे भाग पडते असा ग्राहक शोधणे हे नव्या कंत्राटदाराचे पहिले काम आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांची वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या भारासाठी केलेली असते. तिच्यावर आता प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र, गीझर आणि इंडक्शन शेगडी चालते. अशा इमारतींतील मीटर खोली, मुख्य केबल, अर्थिंग आणि प्रत्येक घरातील डीबी (वीज खोल्यांत वाटणारी पेटी) यांचे काम टप्प्याटप्प्याने मिळू शकते, आणि सोसायटीची देखभाल निधीची शिल्लक पाहून टप्पे पाडता येतात. सभेत तोंडी भीती घालण्यापेक्षा मेगरच्या नोंदी, तापलेल्या जोडांची छायाचित्रे आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या घरांची यादी असा दोन पानी अहवाल दिल्यास समितीला निर्णय घेणे सोपे जाते.

रुग्णालये हा दुसरा ग्राहक. भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला 9 जानेवारी 2021 रोजी लागलेल्या आगीत दहा बालकांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर रुग्णालयांच्या विद्युत तपासणीचा विषय ऐरणीवर आला. लहान खासगी रुग्णालयांत एकाच बोर्डावरून ओढलेल्या जोडण्या अजूनही दिसतात. हे काम जबाबदारीचे आहे. अतिदक्षता विभागाचा पुरवठा केव्हा, किती वेळ बंद ठेवायचा हे डॉक्टरांकडून लेखी ठरवून घेतल्याशिवाय तिथे पकडही उघडू नये.

कारखानदार मंदीत नवे यंत्र घेत नाही, पण वीजबिल कमी होत असेल तर ऐकून घेतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेऐवजी एकूण खेचलेल्या विजेवर होऊ लागली, त्यामुळे पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) खराब असला तर त्याची झळ थेट युनिटांच्या संख्येतच बसते. पॉवर फॅक्टर सुधारणारे पण बंद पडलेले कपॅसिटर शोधणे, ते गरजेप्रमाणे आपोआप जोडणारे एपीएफसी पॅनेल दुरुस्त करणे आणि त्याची वार्षिक देखभाल घेणे ही कामे नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा पुण्याजवळच्या भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतींत फिरून मिळवता येतात. घरांच्या छतावरील सौर संचांचेही तसेच. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट व त्यावरील घरगुती संचाला 78,000 रुपयांचे अनुदान आहे. नोंदणीकृत विक्रेत्यांना वायरिंग आणि अर्थिंग नीट करणारी माणसे लागतात. सुरुवातीला विक्रेता होण्यापेक्षा त्यांचे काम करावे, कारण पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत अडकणारे भांडवल नवख्याला पेलत नाही.

पैशाचे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहू. फ्लॅटच्या संपूर्ण वायरिंगचे काम 2,00,000 रुपयांना घेतले. त्यात साहित्य 1,20,000, मजुरी 50,000 आणि नफा 30,000. ग्राहकाने शेवटचे 20 टक्के, म्हणजे 40,000, अडवून धरले तर सगळा नफा गेलाच, शिवाय पदरचे 10,000 अडकले. त्यात जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांनी 36,000 रुपये कर होतो, साहित्यावर भरलेले 21,600 वजा जाऊन 14,400 सरकारला देणे राहते. आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने बिल फाडले की ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, ते पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावे लागते. म्हणून हप्ते कामाच्या टप्प्यांपेक्षा साहित्याच्या खरेदीला बांधावेत. चर, पाइप आणि बॉक्स यांसाठी सुरुवातीला 30 टक्के. तारांची बंडले आणण्यापूर्वी 40. स्विच व डीबी आणण्यापूर्वी 25. आणि चाचणी दाखवून झाल्यावर उरलेले 5. ग्राहक अडून बसला तर साहित्य त्यालाच दुकानातून थेट घेऊ द्यावे आणि आपण पॉइंटच्या (प्रत्येक दिवा, पंखा वा सॉकेटच्या जोडणीच्या) दराने मजुरी घ्यावी. नफा घटतो, पण झोप लागते.

कोटेशनवर मुदत लिहावी. तांब्याचा भाव चढला की तारांचे दर पत्रकच बदलते, त्यामुळे सात ते पंधरा दिवसांपलीकडे दर बांधून घेऊ नये. अतिरिक्त पॉइंटचा दरही आधीच लिहून ठेवावा. खरे भांडण तिथेच होते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य असून ती पहिल्याच आठवड्यात करावी. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. तथापि साहित्यासह घेतलेल्या बांधकामसदृश कंत्राटांना हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. त्यामुळे शक्य तेथे देखभाल व दुरुस्तीचा करार वेगळा ठेवावा आणि या कायद्यावर सारी भिस्त टाकू नये.

माणसे थोडीच ठेवावीत : एक मुरलेला वायरमन, एक हेल्पर आणि गरजेनुसार रोजंदारीवर चर मारणारे. अपघात विमा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. इलेक्ट्रिकलच्या दुकानदाराची उधारी वेळेवर फेडावी, कारण मंदीत बँकेपेक्षा तोच आधी मदतीला येतो. त्याच्याकडील माल मुदतीत परत घेतला जाईल का हेही विचारून घ्यावे.

पुढे बाजार हलू लागला की बिल्डरचे काम चालून येईल. होकार देण्यापूर्वी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली आणि किती सदनिका विकल्या गेल्या ते पाहावे. आधीच्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने काम का सोडले, हे त्याला स्वतः भेटून विचारावे. प्लंबर आणि टाइल्सवाल्यांकडूनही बरेच कळते. एकदम सगळी इमारत न घेता दोन मजल्यांची वर्क ऑर्डर मागावी आणि त्यांचे बिल जमा झाल्यावरच तिसऱ्या मजल्यावर पाइप चढवावा. थकबाकीच्या बदल्यात फ्लॅट देऊ केला गेला, तर तो आधीच कोणाकडे गहाण नाही ना हे वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि रोख रकमेची निकड असेल तर सरळ नकार द्यावा. मजुरांचा शनिवारचा पगार फ्लॅटच्या करारनाम्याने भागत नाही.